शेतकऱ्यानं स्वतः लिहिलेला भाव : एहिमेतली मिची-नो-एकी

जपानात राहत असताना मला सगळ्यात जास्त आवडलेलं दुकान रस्त्याच्या कडेला होतं. तिथं त्याला मिची-नो-एकी म्हणतात. हमरस्त्यालगत गाड्या उभ्या करायला ऐसपैस जागा, चोवीस तास उघडं स्वच्छतागृह, रस्त्याची आणि आजूबाजूच्या गावांची माहिती देणारी खिडकी, आणि त्याला लागूनच त्या भागातल्या शेतकऱ्यांचा माल विकणारं दुकान. जपान सरकारच्या बांधकाम मंत्रालयानं १९९३ मध्ये ही योजना सुरू केली आणि आज देशभर अशी १,२०० च्या वर ठिकाणं आहेत. आमच्या गावच्या बचत गटातल्या बायांनी यंदा अमरावती रोडवर संत्र्याचं दुकान टाकायचं मनावर घेतलं आहे. ‘तिकडं कसं असते ते नीट लिहून दे’ असं त्यांनी मला सांगितलं, म्हणून हे लिहायला बसले. आपल्याकडची पोरंपोरी आता शिकायला, नोकरीला जपानात जातात. त्यांनाही तिथं भाजी कुठं घ्यावी आणि माणसं कुठं भेटतात हे यातून कळेल.

माझं माहेर मोर्शी तालुक्यातलं, सासर वरूड तालुक्यातलं. दोन्ही घरी संत्रा. शाळेची फी, लग्नं, विहिरीचं खोदकाम, सगळं संत्र्याच्या दोन बहारांवर, आंबिया कसा गेला आणि मृग कसा फुटला यावर ठरायचं. नवऱ्याला मात्सुयामाच्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं तेव्हा ते शहर शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात आहे एवढीच माहिती मला होती. तिथं जाऊन पाहते तर विमानतळावर संत्र्याच्या रसाचा नळ! एहिमे म्हणजे जपानातलं लिंबूवर्गीय फळांचं आगरच. समुद्राकडं तोंड केलेले डोंगरउतार, त्यावर दगडी बांध रचून केलेले टप्पे, आणि टप्प्याटप्प्यावर मिकानची, म्हणजे तिथल्या छोट्या संत्र्याची, बुटकी झाडं. तिथले शेतकरी सांगतात की आमच्या फळाला तीन सूर्य मिळतात : एक आभाळातला, दुसरा समुद्राच्या पाण्यावरून परतलेला आणि तिसरा दगडी बांधावरून उलटलेला. तोडलेली फळं उतारावरून खाली आणायला एकाच रुळावर चालणारी छोटी इंजिनगाडी असते. ती अगदी उभ्या चढावर सुद्धा भरलेल्या क्रेटसकट सावकाश चालत राहते.

हिवाळ्याच्या तोंडावर मिकान, जानेवारीपासून इयोकान, मग पोनकान, देकोपोन, सेतोका, आणि उन्हाळा लागला की कावाची बांकान. वर्षातला मोठा काळ कोणतं ना कोणतं फळ बाजारात असतंच. पोनकानची साल हातानं सुटते, वासही आपल्याच संत्र्याचा. ते मूळ भारतातलं, असं तिथं सांगतात. देकोपोनचा जन्म १९७२ मध्ये नागासाकी भागातल्या संशोधन केंद्रात कियोमी आणि पोनकान यांच्या संकरातून झाला. म्हणजे तिथल्या दुकानात एकेक नग वेगळा मांडून भारी भावानं विकलं जाणारं ते फळ नात्यानं आपल्या संत्र्याच्या फार जवळचं. आणि त्याची गोडी १३ ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे गोडी मोजायचं माप) खाली भरली तर त्याला देकोपोन म्हणून विकता येत नाही. आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते नाव छापून गोडी मोजून दिलेली पेटी मी वरूडच्या मंडीत अजून पाहिलेली नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता दुकानाकडं येते.

आत शिरल्यावर पहिली नजर जाते ती पिशवीवरच्या पांढऱ्या चिठ्ठीवर. प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक जुडीवर एक चिठ्ठी. तिच्यावर मालाचं नाव, भाव, बारकोड, आणि पिकवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव. काही ठिकाणी फळीच्या वर शेतकऱ्याचा फोटोही लावलेला असतो. शेतकरी सकाळी दुकान उघडायच्या आधी माल घेऊन येतो, मागच्या खोलीतल्या यंत्रावर आपला भाव टाकतो, चिठ्ठ्या छापून घेतो, स्वतःच्या हातानं चिकटवतो आणि स्वतःच फळीवर मांडतो. दिवसभरात काय विकलं गेलं याचा निरोप त्याच्या फोनवर जातो. माल संपत आला असेल तर दुपारी पुन्हा घेऊन येतो, आणि संध्याकाळी उरलेला परत नेतो. दुकान आपला वाटा कापून घेतं. अशा दुकानांत तो साधारण १५ ते २० टक्के असतो. एक किलो मिकानची ३०० येनची पिशवी विकली आणि १५ टक्के कापले तर २५५ येन शेतकऱ्याचे. हा हिशेब तिथल्या कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, कारण भाव त्यानंच टाकलेला असतो.

हे मी एवढं सविस्तर का सांगते ते आमच्याकडं संत्रा कसा विकला जातो ते माहीत असलेल्याला समजेल. आमचा बगीचा झाडावरच जातो. व्यापारी येतो, बांधावरून फिरतो, हजारी, म्हणजे हजार फळांमागचा, भाव बोलतो, इसार देतो. तोडणीच्या वेळी बाजार चढा असला तर ठीक. पडला की ‘माल बारीक निघाला’, ‘गळ लय झाली’, ‘कोळशी आली’ असं म्हणत ठरलेला भाव खाली आणतो, आणि तोवर फळ पिकून लोंबत असतं, म्हणून शेतकरी ऐकून घेतो. बांगलादेशनं गेल्या काही वर्षांत संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि आमच्या भागातली निर्यात आटली, तेव्हा तर इसार सोडून व्यापारी निघून गेल्याचं घरोघरी ऐकलं. फळं आणि भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. कायद्यानं आता आम्ही कुठंही विकू शकतो. मात्र विकायला बसायची हक्काची जागा, सावली, वजनकाटा आणि गिऱ्हाईक थांबेल अशी सोय कुणी केली नाही. मिची-नो-एकी नेमकं हेच पुरवते, आणि भाव ठरवायचं काम शेतकऱ्याकडं ठेवते.

माझे सासरे एका हिवाळ्यात आमच्याकडं राहायला आले होते. ऐन मिकानचा हंगाम. मी त्यांना दुकानात नेलं. बाकी काही न पाहता ते थेट फळांच्या फळीपाशी जाऊन उभे राहिले.

“हा भाव कोनं टाकला?”

“ज्यानं पिकवलं त्यानं, मामाजी. हे त्याचं नाव.”

“अन् दलालाचा कुठी हाये?”

“दलाल नाही जी इथं. दुकान टक्केवारी घेते, बस्स.”

त्यांनी शेजारशेजारच्या तीन पिशव्या पाहिल्या. तीन नावं, तीन भाव. “हा महाग काऊन?” मी चिठ्ठी वाचून सांगितलं की या शेतकऱ्यानं फवारणी कमी केली आहे असं लिहिलंय. तेवढ्यात एक बाई आली आणि तीच पिशवी घेऊन गेली. मामाजींनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, “पाह्य बाई, मानूस वाचून घेते.”

तिथंच एक पांढऱ्या केसांचे शेतकरी आजोबा माल मांडत होते. मामाजींना त्यांच्याशी बोलायचंच होतं. मधे मी. पहिला प्रश्न खुंटाचा, म्हणजे कलम ज्या झाडावर बांधतात त्याचा. तिकडं मिकान काराताची नावाच्या काटेरी झाडावर बांधतात, म्हणून झाड बुटकं राहतं आणि उभ्या उभ्या तोडता येतं. आमच्याकडं जंबेरी लिंबावर बांधतात, शेंदूरजनाघाटच्या पन्हेऱ्या, म्हणजे रोपवाटिका, साऱ्या त्याच्याच, हे मामाजींनी सांगितलं आणि मी जमेल तसं जपानीत केलं. मग आजोबांनी खिशातली तोडायची छोटी कात्री काढून दाखवली. मिकान दोनदा कापतात. एकदा देठ लांब ठेवून झाडावरून, मग फळ हातात घेऊन देठ अगदी सालीलगत. देठाचं टोक राहिलं तर क्रेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतं आणि ते सडतं. आपल्याकडं पिळा देऊन ओढतात, देठापाशी साल फाटते, आणि दूरच्या बाजारात जाईस्तोवर पेटीला बुरशी लागते. मामाजींनी तशा कात्र्या घेतल्या, आणि आता आमच्या शेतात घरच्या खाण्याचा आणि पाहुण्यांना द्यायचा संत्रा तसाच तोडला जातो. व्यापाऱ्याच्या तोडणीवाल्यांना मात्र तेवढा वेळ नसतो.

एहिमेमध्ये अशी बरीच ठिकाणं आहेत, पण कुणाला एकच पाहायचं असेल तर मी उचिकोचं नाव घेईन. मात्सुयामाहून जलद गाडीनं अर्ध्या तासाच्या आत उचिको येतं. जुन्या काळी झाडाच्या फळांपासून मेण काढण्याच्या धंद्यावर मोठं झालेलं हे लहान गाव. त्या वैभवाच्या काळातली घरं आणि १९१६ मध्ये बांधलेलं लाकडी नाट्यगृह त्यांनी जपून ठेवलं आहे. तिथलं ‘उचिको फ्रेश पार्क करारी’ हे मिची-नो-एकी १९९६ पासून चालू आहे, आणि २०१५ मध्ये सरकारनं देशातली सहा आदर्श ठिकाणं निवडली त्यात त्याचा नंबर होता. दुकान उभं राहायच्या कितीतरी आधीपासून त्या गावानं शेतकऱ्यांचे वर्ग चालवले होते. विक्रीचा आकडा त्याच दिवशी शेतकऱ्याच्या घरी पोचवायची सोय त्यांनी स्मार्टफोन येण्याच्या खूप आधी केली. आणि माल आणणाऱ्यांत बायांची संख्या मोठी. शेतात राबायचं बाईनं आणि पैसा मोजायचा पुरुषानं, हे तिकडंही होतंच. चिठ्ठीवर बाईचं नाव आलं आणि पैसे तिच्या खात्यात पडायला लागले, तेव्हा घरातली गोष्ट बदलली. आमच्या बचत गटाला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं : चिठ्ठीवर गटाचं नाव नको, बाईचं नाव पाहिजे.

स्वच्छतागृहाबद्दल मी वेगळं लिहिणार, कारण पुरुष हे लिहीत नाहीत. कागद असलेलं, हात धुवायला पाणी असलेलं, लहान लेकराचे कपडे बदलायला फळी असलेलं स्वच्छतागृह मला तिथं मिळायचं, आणि चोवीस तास उघडं, फुकट स्वच्छतागृह ही मिची-नो-एकीची अटच आहे. ते नसेल तर ती नोंदणीच मिळत नाही. वरूडहून अमरावतीला किंवा नागपूरला एसटीनं जाणारी बाई घरून निघताना पाणी पीत नाही. माझी आई अजूनही पीत नाही. जपानात पहिल्यांदा रात्रीच्या प्रवासात, निर्मनुष्य रस्त्यावर, दुकान बंद असताना मी तो दिवा लावलेला, पुसलेला, कुलूप नसलेला दरवाजा उघडला, तेव्हा हे आपल्या बायांना मिळायला पाहिजे असं मला फार तीव्रतेनं वाटलं. आमच्या अमरावती रोडच्या दुकानात संत्रा असो नसो, हे असलंच पाहिजे. गिऱ्हाईकही त्यामुळेच थांबतं. तिकडं लोक आधी त्यासाठी उतरतात, मग दुकानात शिरतात. २००४ च्या निगाताकडच्या मोठ्या भूकंपात ही ठिकाणं लोकांना आसरा द्यायला कामी आली, आणि तेव्हापासून आपत्तीच्या वेळचं केंद्र म्हणूनही सरकार त्यांच्याकडं पाहतं.

रोजच्या स्वयंपाकाचं सांगते. शहरातल्या मोठ्या दुकानात भाजी मिळते, पण कोथिंबिरीच्या चार काड्या पाकिटात घालून महाग, आणि हिरवी मिरची तर हंगामातच. मिची-नो-एकीत उन्हाळ्यात तिखट हिरवी मिरची पिशवीभर मिळायची, आणि त्या आठवड्यात आमच्या घरी ठेचा. वांगी तर बाप्पा, काय वांगी! लांब, कोवळी, बी नसलेली. भरीत सुरेख होतं, पण भरल्या वांग्याला आपलंच काटेरी वांगं पाहिजे. भेंडी, कारलं, कोहळं, मुळा, धोप्याचे म्हणजे अळूचे कांदे, हे सगळं आहे. धोप्याचा कांदा ते चवीनं खातात. वडीसाठी पानं मात्र फळीवर मला दिसली नाहीत. एका आजींना मी विचारलं तर पुढच्या आठवड्यात त्या माझ्यासाठी पानांची गुंडाळी घेऊन आल्या, पैसे घेतले नाहीत, आणि याचं काय करतात ते वहीत लिहून घेतलं. मेथी आणि अंबाडी कुठं दिसली नाही. बेसन, तुरीची डाळ इंटरनेटवरच्या भारतीय दुकानातून मागवावी लागते.

तिथली रीत अशी. फळ दाबून पाहायचं नाही, वास घ्यायला तोंडाजवळ न्यायचं नाही. घासाघीस अजिबात नाही. ज्याच्याशी करायची तो शेतकरी समोर नसतोच. पैसे हातात न देता छोट्या तबकात ठेवायचे. पिशवी आपली न्यायची, कारण २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. माल भरायचंही आपणच, बाजूच्या टेबलावर. बसून खाल्लं तर १० टक्के कर, घरी नेलं तर ८. आपल्याकडून गेलेल्या माणसाला हे सगळं थोडं कोरडं वाटतं. मलाही वाटायचं. शहरातल्या इमारतीत शेजारी नमस्कार करतात, वाकतात, पण पुढं बोलत नाहीत. चिठ्ठीवरच्या नावांनी मात्र माझी तिथल्या माणसांशी ओळख करून दिली. अमुक बाईंची वांगी, तमुक आजोबांचं इयोकान. पुढं पुढं सकाळी लवकर गेलं की ती माणसं भेटायला लागली, कांजी लिपीतली नावं मी त्यांच्या चिठ्ठ्यांवरूनच वाचायला शिकले. एहिमेत असंही म्हणतात की मिकान विकत घ्यायचं नसतं, ते कुणीतरी आणून देतं. हे खरं आहे. ओळख झाल्यावर दारात मिकानची पिशवी यायला लागली. घेतलं की काहीतरी परत द्यायचं ही तिथली रीत, आणि ती आपलीही आहे. मी तिळगूळ दिला, चिवडा दिला. चिवडा फारच आवडला त्यांना.

खेड्यातल्या रस्त्यांवर याच्याहूनही साधा प्रकार असतो : फळकुटाची टपरी, त्यात पिशव्या, शेजारी पैशाचा डबा, राखण कुणाचीच नाही. शंभर येन टाका, म्हणजे आपले पंचावन्न-साठ रुपये, आणि पिशवी न्या. चोरी होतच नाही असं नाही. पण टपऱ्या टिकून आहेत.

आता खोट. एक, गाडी नसेल तर बहुतेक मिची-नो-एकी दूर पडतात. बस दिवसातून मोजक्याच, आणि हातात कोहळं-मुळ्यांच्या पिशव्या. दोन, चांगला माल दुपारपर्यंत संपतो. नोकरी करून संध्याकाळी जाणाऱ्याला रिकाम्या फळ्या. तीन, शाकाहारी माणसाचे हाल. मी माळकरी घरातली. उदोन दिसायला साध्या शेवया, पण रश्श्यात वाळवलेल्या माशाचं पाणी असतं, आणि विचारल्यावर ‘मांस नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतात, कारण त्यांच्या लेखी मासा मांसात येत नाही. मिठाचा भाताचा गोळा आणि मिकानचं आइस्क्रीम यावर मी दुपारी काढल्या आहेत. चार, काही ठिकाणी दुकानाची अर्धी जागा मिठाईच्या खोक्यांनी भरलेली. वर त्या गावाचं चित्र, आणि मागं पाहिलं तर माल दुसऱ्याच प्रांतातल्या कारखान्यातला. नाव सांगत नाही, पण असं दिसलं की माझं मन उतरायचं. प्रवाशाला जे सांगून थांबवलं तेच त्याला दिलं पाहिजे.

सगळ्यात गंभीर खोट भावाची आहे, आणि आपण तिच्यातून शिकावं. हंगाम आला की सगळ्यांकडं मुळा एकाच वेळी. मग पेन्शन घेणारे, हौसेनं शेती करणारे आजोबा आपला मुळा शंभर येनला ठेवतात. त्यांना खर्च निघाला तरी आनंद. पण ज्याचं घर शेतीवरच चालतं त्या तरुण शेतकऱ्याला त्यांच्या शेजारी मुळा ठेवून परवडत नाही. आपला भाव आपण ठरवायचा अधिकार असला तरी शेजारी पडत्या भावानं बसला तर तो अधिकार अपुरा पडतो. काही दुकानं म्हणून कमीत कमी भाव ठरवून देतात. हे मला पटलं. तरुण शेतकरी तिथं आधीच थोडे आहेत. २०२० च्या गणनेत मुख्यतः शेती करणाऱ्यांचं सरासरी वय ६७.८ निघालं. डोंगरउतारावरच्या कितीतरी मिकान बागा वारस नाही म्हणून सुटल्या आहेत. २०१८ च्या जुलैच्या अतिवृष्टीत उवाजिमाकडच्या बागा दरडींखाली गेल्या, तेव्हा पुन्हा लावायचं की नाही हा प्रश्न प्रत्येक म्हाताऱ्या घरापुढं होता. लावलेलं झाड भरात यायला वर्षं लागतात.

आणि लोणच्याचं जे झालं त्याचं मला मनापासून दुःख आहे. उमेबोशी म्हणजे आंबट फळाचं खारवलेलं लोणचं, मुळ्याचं ताकुआन, पाल्याची लोणची, या सगळ्यांची एक स्वतंत्र फळी असायची, आणि प्रत्येक बरणीची चव वेगळी, कारण प्रत्येक आजीचं मीठ वेगळं. अन्नसुरक्षेचा कायदा बदलला. लोणचं विकायला परवाना आणि स्वयंपाकघरापासून वेगळी, ठरावीक सोयींची जागा लागायला लागली. मुदत दिली होती, ती २०२४ च्या मे अखेरीस संपली. ऐंशीच्या घरातल्या आजी आता लाखो येन घालून खोली कशी बांधणार? कितीतरी जणींनी सोडून दिलं. मी ज्यांच्याकडून न्यायची त्या आजींनी शेवटची बरणी आणली तेव्हा चिठ्ठीवर नेहमीचाच भाव होता. विषबाधेच्या घटना घडल्या होत्या, नियम हवाच, हे मी मान्य करते. पण गावानं मिळून एक सामाईक खोली बांधली आणि सगळ्याजणींनी पाळीनं वापरली तर चव आणि नियम दोन्ही राहतात. काही गावांनी तसं केलंही आहे. आपल्याकडंही लोणचं, मुरंबा, बर्फी विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच. तेव्हा गटाची पहिली बचत अशा सामाईक खोलीत घालावी असं माझं मत आहे.

बारीक आणि डागी फळाचं काय, हा गटात विचारलेला पहिला प्रश्न होता. एहिमेत त्याचा रस होतो. पोम ज्यूस हे तिथलं घरोघरी माहीत असलेलं नाव. शेतकऱ्यांच्या सहकारी संघानं १९५० च्या दशकात ते सुरू केलं आणि १९६९ मध्ये निव्वळ रसाचं बाजारात आणलं. आमच्याकडची चुरी, म्हणजे असला बारीक माल, बांधावर टाकतात किंवा मातीमोल जाते. एवढा मोठा कारखाना आमच्या हातातला नाही, पण मिची-नो-एकीत डागी मिकान वेगळ्या पिशवीत, ‘साल खराब, आत चांगलं’ असं स्पष्ट लिहून निम्म्या भावानं विकतात, आणि ते सगळ्यात आधी संपतं. हे उद्यापासून जमण्यासारखं आहे.

पाचपैकी मी चार देईन. एक गुण पडत्या भावाचा आणि बाहेरून आणलेल्या खोक्यांचा कापला. जपानात नवीन गेलेल्यानं शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या वेळी जावं, दोन मोठ्या पिशव्या आणि सुटी नाणी न्यावीत, आणि चिठ्ठीवरची नावं मोठ्यानं वाचून पाहावीत. जवळ उभा असलेला शेतकरी बहुधा आपणहून दुरुस्त करून देतो, आणि बोलणं तिथूनच सुरू होतं.

आमच्या गटाचं असं ठरतंय. यंदाच्या मृगाला पाच-सहा घरांचा संत्रा, तोडणी कात्रीनं, चिठ्ठीवर बाईचं नाव, गाव, तोडल्याची तारीख आणि तिनंच टाकलेला भाव. कमीत कमी भाव आधीच बसून ठरवायचा. बारकोडचं यंत्र नंतर, तोवर वही. एकाच गोष्टीवर अजून वाद आहे. उरलेला माल संध्याकाळी ज्याचा त्यानं परत न्यायचा, हा जपानातला नियम आमच्या काही जणींना पटत नाही. “रोज नेणं-आणणं कोन करंल, अठीच राहू दे ना,” असं त्या म्हणतात. पण माल तिथंच राहिला की दुसऱ्या दिवशी शिळा आणि ताजा एकाच फळीवर येतो, तारखेला अर्थ उरत नाही, आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी ‘सगळा मीच उचलतो’ म्हणत टेम्पो घेऊन दारात उभा राहतो. पुढच्या बैठकीत हा नियम मी लावून धरणार आहे.